घरातलं दुखणं प्रभूच्या पायाशी न्यायचं कसं

गुरुवारच्या घरप्रार्थनेत विषय विचारले की गुडघेदुखी येते, मुलाची परीक्षा येते, बंगळूरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू येतो. प्रार्थना होते, चहा होतो, सगळे उठतात. मग दारात चपला घालताना कुणीतरी हळूच दंड धरतं. "आक्का, जरा थांबता काय?" खरा विषय तिथं निघतो. रोज पिऊन येणारा नवरा. वाटणीवरून तुटलेला भाऊ. गोव्याला कामाला गेलेला आणि आठ महिने फोन न केलेला मुलगा. महिला संघाच्या कर्जाचे थकलेले हप्ते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून मी बरीच वर्षं अशा बैठकांना जाते. मी पाळक नाही, शाळेत शिकवत होते. चपलांपाशी निघणारं ते बोलणं आहे तसं देवापुढं कसं न्यायचं, तेवढंच इथं सांगणार आहे. कारण आपण बहुतेक जण देवापुढं जाताना ते धुऊन, इस्त्री करून नेतो. "प्रभू, आमच्या कुटुंबाला शांती दे" एवढं म्हणतो आणि उठतो. घरात नेमकं काय जळतंय, ते तोंडातून निघतच नाही.

आधी कागदावर लिहा

यहूदाचा राजा हिज्कीया याला अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, तेव्हा ते घेऊन तो मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढं त्यानं ते पसरलं. २ राजे, अध्याय १९, ओवी १४. मला ही ओवी फार जवळची वाटते. त्यानं पत्राचा सारांश सांगितला नाही, कागदच उलगडून ठेवला.

तुम्हीही तसंच करा. बँकेची नोटीस आली असेल तर ती टेबलावर ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी, संघाचं पासबुक, कोर्टाचं समन्स, जे असेल ते. काहीच कागद नसेल तर वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: काय घडलं, मला कशाची भीती वाटते, आणि यात मी काय केलं.

पहिल्या भागात फक्त घडलेलं लिहा. "तो कायम असंच करतो" असं नको. "सोमवारी रात्री पगारातले चार हजार उडवून आला आणि ताट भिरकावलं" असं लिहा. कर्ज असेल तर आकडा लिहा. आकडा लिहिताना हात थरथरतो, ते मी पाहिलंय. एका बहिणीनं चार संघांचे हप्ते पहिल्यांदाच एकत्र मांडले आणि आठवड्याला किती जातात ते पाहून ती रडली. पण त्या रात्री तिनं पहिल्यांदा आकड्यासकट प्रार्थना केली. पुढच्या आठवड्यात पाचवं कर्ज काढायला ती गेली नाही.

तिसरा भाग सगळ्यात अवघड. तो रिकामा राहिला तरी पान फाडू नका. पुढं त्याची गरज पडेल.

जागा आणि वेळ

"आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे," असं येशूनं सांगितलं (मत्तय ६:६). पण दोन खोल्यांच्या घरात सात माणसं असली तर कुठली खोली? इथं एक गोष्ट सांगते. मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे त्याचा अर्थ कोठार, म्हणजे घरातली धान्य ठेवायची आतली खोली. त्या काळच्या गरिबाच्या घरातही आडोशाची जागा तीच असणार. तेव्हा स्वयंपाकघरातला तांदळाच्या डब्याजवळचा कोपरा चालतो. गच्ची चालते. गोठा चालतो. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटं मिळाली तर उत्तम. माझ्या ओळखीचा उद्यमबागच्या फाऊंड्रीतला एक भाऊ रात्रपाळी सुटल्यावर गाडी स्टँडवर लावून तिथंच बसून प्रार्थना करतो. घरात पाय टाकायच्या आधी दहा मिनिटं, कारण घरात शिरलं की भांडणच असतं.

ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत बोला

आपल्या मंडळ्यांत एक खास प्रार्थनेची मराठी असते. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात होते आणि पुढं वाक्यं आपोआप येतात. ती भाषा सुंदर आहे, उपासनेत ती शोभते. पण तोंडाला इतकी सवय झालेली असते की तिच्याआड आपण लपू शकतो. घरचं दुखणं सांगताना घरचीच भाषा वापरा. "देवा, मला आता ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही" असं मनात असेल तर तेच म्हणा. देवाला ते आधीच ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ते निघणं तुमच्यासाठी गरजेचं आहे.

हन्नाची गोष्ट १ शमुवेलच्या पहिल्याच अध्यायात आहे. तिला मूल नव्हतं. सवत पनिन्ना वर्षानुवर्षं तिला टोचून बोलायची. नवरा एलकाना प्रेमळ होता, पण "मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?" असं विचारून मोकळा झाला. शिलोच्या मंदिरात ती अशी प्रार्थना करत होती की ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय. तिनं त्याला सांगितलं, मी प्यायले नाही, मी परमेश्वरापुढं माझं मन ओतते आहे. याजकालाही प्रार्थना वाटली नाही, अशी ती प्रार्थना होती, आणि देवानं ती ऐकली.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेचा आधार घ्या. सुरुवातीला तेरावं स्तोत्र घ्या, सहाच ओव्यांचं आहे. त्याचे चार भाग पडतात. देवाला हाक. मग तक्रार, तीही सरळ: "कोठवर?" हा प्रश्न तिथं चारदा येतो. मग मागणी. शेवटी भरवसा. हा साचा घेऊन तुमच्या घरचं स्तोत्र लिहा. एका आईनं असं लिहिलं होतं, तिच्या परवानगीनं देते:

"देवा, ऐक की. अजून किती दिवस पोरगा फोन करणार नाही? अजून किती दिवस शेजारणी विचारतील आणि मी खोटं सांगायचं, की परवाच बोलला म्हणून? तो जिवंत आहे एवढं तरी मला कळू दे. तो लहान असताना न्यूमोनियातनं तू त्याला काढलास, ते मी विसरले नाही."

तक्रारीतून भरवशापर्यंत एका बैठकीत पोचलंच पाहिजे असं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि घाव घरच्याच माणसाचा असेल तर पंचावन्नावं वाचा. शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा सोबती, माझा जिवलग, असं तिथं म्हटलंय. वाटणीच्या भांडणातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

भाषेचा आणखी एक मुद्दा खास आपल्या भागाचा. सून गोकाकची किंवा बैलहोंगलची, घरात कन्नड बोलत वाढलेली. सासू मराठी. मुलं इंग्रजी शाळेत. कुटुंबप्रार्थनेत सुनेला मराठीत प्रार्थना करायला लावतात, ती चार पाठ वाक्यं म्हणते आणि गप्प होते. तिला "देवरे" म्हणून तिच्या भाषेत बोलू द्या. शब्द न् शब्द कळला नाही तरी आवाज कळतो. १८२० साली लंडन मिशनचं काम बेळगावात सुरू झालं तेव्हापासून इथं एकापेक्षा जास्त भाषांत प्रार्थना चालत आल्यात. पाटीवरच्या भाषेवरून बाहेर काय चालायचं ते चालो, जेवणाच्या चटईवर तो वाद नको. एका घरात सुनेच्या कन्नड प्रार्थनेत सासूला स्वतःचं नाव ऐकू आलं. "माझी फिर्याद केलीस काय गं?" असं तिनं विचारलं. सून म्हणाली, "तुमच्या गुडघ्यासाठी मागितलं की अत्ते." त्या घरात मला दुसरं काही समजावावं लागलं नाही.

काय मागायचं: इथं मी स्वतः चुकले

वडील गेले तेव्हा खानापूरकडची दोन एकर भातशेती आणि जुनं घर मागं राहिलं. भावानं उताऱ्यावर एकट्याचं नाव लावून घेतलं. मला कळलं तेव्हा आमचं भांडण झालं आणि २०१६ पासून बोलणं बंद. मी रोज प्रार्थना करत होते. "प्रभू, त्याला सद्बुद्धी दे, त्याचं मन वळव, त्याला त्याची चूक दाखव." दोन वर्षं मी हेच मागितलं, आणि प्रत्येक वेळी उठताना मी जास्तच चिडलेली असायचे.

मग एकदा लूकचा बारावा अध्याय वाचताना थांबले. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, "गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वारसा वाटून दे म्हणून." हुबेहूब माझी प्रार्थना. आणि येशू त्याला विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? ते वाचून मला राग आला. मग कळलं की मी देवाकडं मुलीसारखी जातच नव्हते. वकिलाकडं पक्षकार जातो तशी जात होते. आपल्या सीमाभागातल्या माणसाला दाव्याची भाषा लवकर जमते. १९५६ पासूनचा वाद आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आपण घराघरांत ऐकत मोठे झालो. तीच सवय प्रार्थनेत शिरली होती.

म्हणून आता वहीतल्या पानावरचा तिसरा भाग उघडा. "यात मी काय केलं." प्रार्थनेची पहिली मागणी तिथून घ्या. मी लिहिलं होतं: "आईच्या वर्षश्राद्धाच्या उपासनेला त्याला निरोप दिला नाही. वहिनीबद्दल चार घरांत बोलले." या दोन गोष्टींची क्षमा मी मागितली. मग भावासाठी मागितलं, पण त्याचं मन माझ्याकडं वळावं म्हणून नाही. त्याच्या साखरेच्या आजारासाठी, त्याच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी. ज्याच्यासाठी रोज नाव घेऊन भलं मागता, त्याच्याशी मनातल्या मनात भांडणं हळूहळू जड जाऊ लागतं.

मत्तय ५:२३-२४ इथं लागू पडतं: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. बऱ्याचदा प्रार्थनेचं उत्तर म्हणजे एक फोन, एक पत्र, एक फेरी असते, आणि ते आपल्यालाच करायचं असतं.

याचा अर्थ हक्क सोडा असा नाही. बहिणींना "ख्रिस्ती माणसानं जमिनीसाठी भांडू नये" असं सुनावलं जातं. ते सोयीचं बोलणं आहे. ख्रिस्ती माणसाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी दोघांना सारखं. वकिलाला विचारा, कागद काढा. फक्त देवाला आपला वकील करू नका.

दारू आणि मारहाण

इथं जरा थांबून बोलायला हवं, कारण "प्रार्थना करत राहा, सोसत राहा" या एका वाक्यानं आपल्या बायकांचं फार नुकसान केलंय.

नवरा रोज पितो. त्याच्यासाठी प्रार्थना करा, नाव घेऊन करा. पण दारूचं व्यसन हा आजारही आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला अचानक बंद केलं तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून उपास-प्रार्थनेला नेऊन एका रात्रीत सोडवायला बघू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. औषध चालू असताना प्रार्थना कमी पडत नाही. उलट तेव्हाच जास्त लागते, कारण पहिले काही महिने घसरणं-सावरणं चालूच असतं.

हात उचलला जात असेल तर क्रम बदला. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा, मग प्रार्थना करा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार देता येते. महिला व बाल विकास खात्याच्या तालुका कार्यालयात चौकशी करा. "नवऱ्याला सोडून माहेरी आले, देव रागावेल काय?" असं मला विचारलंय. मलाखीचा दुसरा अध्याय वाचा. तिथं लोक वेदी अश्रूंनी भिजवतात आणि देव अर्पण घेत नाही, कारण ते आपल्या बायकोशी बेइमानीनं वागलेत. १ पेत्र ३:७ तर नवऱ्यांनाच सांगतं की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. अडथळा मारणाऱ्याच्या प्रार्थनेला आहे. मार चुकवून बाहेर पडलेलीच्या प्रार्थनेला नाही.

तिनं काय मागावं? झोप मागावी. मुलांची शाळा चालू राहावी, असं मागावं. धैर्य मागावं. क्षमा करायची ताकद लगेच आली नाही तर तेही देवाला सांगावं. क्षमा आणि परत त्याच घरात राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी त्या एकत्र बांधू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

घरात सगळ्यांनी मिळून

दहा मिनिटं पुरतात. एक गायन, एक छोटा शास्त्रपाठ, मग प्रत्येकानं एकेक वाक्य, शेवटी प्रभूची प्रार्थना. लहान मुलांना आधी बोलू द्या, ती खरं बोलतात. रोमन कॅथलिक घरांत रोझरी असते, तिच्या शेवटी हेच एकेक वाक्य जोडता येतं.

एकच नियम कडक पाळा. प्रार्थनेतून टोमणा मारायचा नाही. "प्रभू, आमच्या घरातल्या काही लोकांना कष्टाची किंमत कळू दे" ही प्रार्थना नव्हे, ती डोळे मिटून केलेली भांडणाची दुसरी फेरी आहे. समोरचा "आमेन" म्हणायला अडकतो आणि उद्यापासून बसत नाही. मी अशी मोडलेली कुटुंबप्रार्थना पाहिली आहे. तरुण पोरगा बाहेर निघून जायचा आणि आई म्हणायची, "त्याला देवाचं वेडच नाही." दुसऱ्याबद्दल मागायचं असेल तर त्याच्यासमोर फक्त त्याचं भलं मागा. तक्रार कोठीच्या खोलीत.

घरात सगळे विश्वासात नसतील, तर बसायची सक्ती नको. मार्क ३:२१ मध्ये येशूचीच माणसं त्याला वेड लागलंय म्हणून न्यायला आली होती, आणि योहान ७:५ सांगतं की त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. ज्याच्याकडं आपण घरचं घेऊन जातो त्यानं हे घरातच भोगलंय. आपल्याच मराठीत नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या पुन्हा एकत्र आल्या आणि पुढं स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या.

बाहेर कुणाला सांगावं

एकाला किंवा दोघांना. मत्तय १८ मध्ये दोघा-तिघांचीच गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवरच्या दीडशे जणांच्या गटात "अमक्यांच्या घरी अडचण आहे, प्रार्थना करा" असं टाकू नका. बेळगावच्या कॅम्पातलं बोलणं संध्याकाळपर्यंत शहापूरला पोचतं. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय त्याचा विषय सांगू नये. आजारपण असेल तर याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा.

आणि जो कोणी प्रार्थनेसाठी पैसे ठरवतो, गोळ्या बंद करायला सांगतो किंवा "तुमच्या घराण्यात शाप आहे, नाव सांगतो" म्हणून नणंदेकडं बोट दाखवतो, त्याच्या पायरीवर चढू नका. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

वाट बघताना

एक वही करा. डावीकडं मागणी आणि तारीख. उजवीकडं जे घडलं ते, छोटं असलं तरी. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, पण त्याला सोसायला कृपा मिळाली (२ करिंथ १२). तेव्हा उजवीकडं "नाही" असंही लिहायची तयारी ठेवा. महिन्यातून एकदा पानं चाळा. मागणी बदलली असेल तर नवी लिहा, जुनी खोडू नका.

माझ्या वहीत भावाचं पान अजून चालू आहे. डावीकडं बऱ्याच तारखा आहेत. उजवीकडं तीनच नोंदी आहेत. पत्र टाकलं, उत्तर नाही. वहिनीच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेले, तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. आणि गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला: आईच्या कबरीवरचा क्रूस पावसानं पडलाय, दगडाचा करायचा की सिमेंटचा? दीड मिनिट बोललो. दगडाचा, म्हणाले मी.